कौसामावशीची सुरगाठ

आमच्या शाळेचा झेंडा शाळेत नसायचा. तो कौसामावशीच्या घरी असायचा, एका पितळी डब्यात, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याखाली. शाळेत कपाट होतं, कपाटाला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली प्रिन्सिपल मॅडमच्या पर्समध्ये होती. पण एका वर्षी त्या बंद कपाटात उंदरांनी झेंड्याची हिरवी कड कुरतडली. मावशीनं कोणाला न विचारता झेंडा घरी नेला, बारीक टाके घालून कड शिवली आणि परत आणलाच नाही. मॅडमनी मागितला तेव्हा म्हणाली, "पंदरा ऑगष्टाला आनते ना. मधी काय काम हाये तुमाला त्याचं?"

कौसामावशी आमच्या शाळेत शिपाई होती. घंटा देणं, पाण्याची टाकी भरणं, लहान मुलांची नाकं पुसणं आणि राष्ट्रीय सणाला झेंडा बांधणं, ही तिची कामं. पहिली तीन सांगितलेली, चौथं तिनं स्वतःकडे घेतलेलं.

मी त्या शाळेत गेले एक्याऐंशीच्या जूनमध्ये, पाच वर्षांची असताना. वडिलांनी कुंभार पिंपळगावची शेती भावांवर सोपवून जालन्यात बियाण्याचं दुकान टाकलं होतं आणि मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. वर्गात मराठी बोललं की मॉनिटर फळ्यावर नाव लिहायची. इंग्रजी येत नव्हतं आणि मराठी चालत नव्हतं, म्हणून मी बोलणंच बंद केलं. नंतर इंग्रजी आलं, पण न बोलायची सवय राहिली. मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहायची. तिथं मावशी असायची, आणि तिथं कोणी नाव लिहायचं नाही. ती मला 'मुके' म्हणून हाक मारायची. "ए मुके, इकडं ये. बोलू नको, नुस्ती ऐक." मला ते आवडायचं.

उंच, काळी, हाडापेरानं मोठी बाई. तपकिरी नऊवारी, दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ते ती रोज सकाळी मेण लावून, त्यावर बोट दाबून बसवायची. मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा कमरेच्या पिशवीत कायम असायचा. घाम आला, पुसट झालं की घंटेखाली उभी राहून पुन्हा लावायची, आरशाशिवाय. कधी वाकडं झालेलं मी पाहिलं नाही.

त्या कुंकवावरून गावात बोललं जायचं, कारण मावशी टाकलेली बाई होती. माहेर धावड्याचं, सासर टेंभुर्णीचं. लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि हिला एक दिवस जालन्याच्या गाडीत बसवून दिलं. सोडचिठ्ठी नाही, काही नाही. विधवा म्हणावी तर नवरा जिवंत, सवाष्ण म्हणावी तर नवरा दुसरीचा. अशा बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, याचं उत्तर कोणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून लोक तिला बोलवायला विसरायचे.

ती विसरायची नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, चैत्रात, श्रावणात, महालक्ष्म्यांना, जिथं हळदीकुंकू असेल तिथं ती जायची. शाळा सुटली की तोंड धुऊन, पदर नीट करून, न बोलावता.

आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा मी दुसरीत होते. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ओसरीवर दहाबारा बायका बसल्या होत्या आणि मी तिळगुळाचं ताट धरून कोपऱ्यात उभी होते. मावशी आली, सरळ सतरंजीवर मधोमध बसली. शेजारच्या काकूंनी आईकडं पाहिलं. आई गोंधळली.

मावशीच म्हणाली, "वयनी, माझा नवरा जिता हाये. टेंभुर्णीला. पत्ता देऊ का? जाऊन बघून या, मी बसते तवर."

एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. आईनं हसत हसतच तिला हळदकुंकू लावलं आणि वाण दिलं. पण सगळ्यात शेवटी दिलं, आणि वाणातली कंगव्याची जोडी मोडकी होती. मी पाहिलं. मावशीनंही पाहिलं असणार. तिनं ती पदरात घेतली आणि जाताना आईला म्हणाली, "पुढल्या साली बोलवनं धाडा. न्हाई धाडलं तरी येते म्हना."

पुढच्या वर्षी आईनं बोलावणं धाडलं. वाण तरीही शेवटीच दिलं.

मावशीचं एक वाक्य होतं. कोणी म्हणालं, असं करायचं नसतं, की ती विचारायची, "कुनी सांगितलं?" आणि हे नुसतं विचारण्यापुरतं नसायचं. तिला नाव हवं असायचं. नाव सांगितलं तर ती त्या माणसाकडं जाऊन विचारायची.

झेंडावंदनाला आमच्याकडं आधी चौथऱ्याची पूजा व्हायची. रांगोळी, हळदकुंकू, नारळ. पहिली काही वर्षं नारळ पी.टी.चे सर फोडायचे. एका सव्वीस जानेवारीला ते आले नाहीत. मावशीनं नारळ उचलला तसे क्लार्क म्हणाले, "बायकांनी नारळ फोडायचा नसतो."

"कुनी सांगितलं?"

"देवळातले गुरुजी सांगतात."

त्या दिवशी नारळ क्लार्कनीच फोडला. पण संध्याकाळी मावशी देवळात गेली आणि गुरुजींना आरतीच्या रांगेत सगळ्यांसमोर विचारलं, "म्हाराज, कुठं लिव्हेल हाये ते दाखवा. मला वाचता येत न्हाई, पर बोट ठिवून दाखवा." गुरुजी म्हणाले, लिहिलेलं असं नाही, पण रीत आहे. मावशी परत येऊन क्लार्कना म्हणाली, "लिव्हेल न्हाई. इचारून आले." त्यानंतर शाळेतले नारळ तीच फोडायची. एका फटक्यात, दोन सारख्या वाट्या.

सतरा सप्टेंबरचं झेंडावंदनही तिच्यामुळेच सुरू झालं. प्रिन्सिपल मॅडम बाहेरगावच्या होत्या. त्यांना पंधरा ऑगस्ट ठाऊक होता, सव्वीस जानेवारी ठाऊक होता, एक मेला निकाल लागायचा म्हणून तोही ठाऊक होता. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तो तेरा महिने उशिरा मोकळा झाला, हे त्यांना मावशीनं ऑफिसच्या दारात उभं राहून सांगितलं.

"मी आठ वर्साची व्हते मॅडम. पयल्या पंदरा ऑगष्टाला आमच्या धावड्यात कोन झेंडा लावू देत व्हतं? माझ्या बापानं घडी करून कनगीत लपवला व्हता. जवारीत. मंग पुढल्या साली, सतरा तारखेच्या मागून, काढला. त्यातून जवारीचे दानेच पडले आमच्या डोक्यावर, फुलं कुठली?"

मॅडमनी विचार करू असं सांगितलं. सोळा तारखेला शाळा सुटल्यावर मावशीनं चौथरा शेणानं सारवला. सतराला सकाळी आम्ही आलो तर दोरी लावून तयार. मॅडमना झेंडा फडकवावाच लागला. पुढं तो रिवाजच झाला.

पोळ्याला ती मातीचे बैल आणायची. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी बैल फक्त रस्त्यावरून जाताना पाहिलेले. मधल्या सुट्टीत ती वर्गाच्या खिडकीच्या गजांना सुतळीनं ओळीनं बैल बांधून ठेवायची आणि म्हणायची, "सोडा. पर एका वढीत." आम्ही सुतळीचं टोक ओढायचो आणि गाठ अलगद सुटायची.

मी पाचवीत असताना तिनं मला ती गाठ शिकवली. बोटावर सुतळी गुंडाळून, हळूहळू. "ही सुरगाठ. वढली की सुटली. माझा बाप मोटंचे बैल असे बांधायचा. बैल हिरीत पडाय लागला तर गाठी उकलत बसाय टैम नसतो मुके. एक झटका, बैल मोकळा." मग तिनं दुसरी गाठ मारून दाखवली. "आन ही निरगाठ. ही वढली तर आनखी आवळती. ही गुढीची. गुढी वाऱ्यानं सुटून पडली तर बरं दिसतं का? म्हनून गुढीला निरगाठ, झेंड्याला सुरगाठ. उलटं केलं तर वाटोळं."

तिची गुढी मी पाहिली होती. जुन्या मोंढ्याच्या मागं ती एका खोलीत भाड्यानं राहायची. पाडव्याला त्या खोलीच्या पत्र्यावर चढून एकटीच गुढी उभारायची. घरमालकीण खालून ओरडायची, "अगं एकट्या बाईची कसली गुढी?" वरून आवाज यायचा, "कुनी सांगितलं?"

झेंडा बांधण्याच्या आदल्या दिवशी ती तो थंड पाण्यात भिजवून सावलीत वाळवायची. मग तांब्यात निखारे भरून त्यावर इस्त्री. सकाळी झेंडूच्या पाकळ्या घालून घडी. पाकळ्यांखेरीज काही घालू द्यायची नाही. एकदा कोणीतरी चमकीची कात्रणं आणली होती, ती तिनं केराच्या टोपलीत टाकली. घडी झाली की दोरीची सुरगाठ, मग खांबाच्या टोकापर्यंत गुंडाळी चढवायची आणि दोरी पाहुण्याच्या हातात द्यायची. पाहुणा ओढायचा, झेंडा उघडायचा, पाकळ्या पाहुण्याच्या डोक्यावर पडायच्या. टाळ्या पाहुण्याला मिळायच्या. मावशी तोवर टाकीपाशी परतलेली असायची.

मी नववीत होते. त्या वर्षी सण लवकर आले होते. पोळ्याच्या चार दिवस आधी प्रार्थनेच्या वेळी एक माणूस सायकलवरून आला. टेंभुर्णीचा होता. मावशीचा नवरा गेला होता.

तिनं घंटेचा हातोडा क्लार्कच्या हातात दिला आणि गेली. बारातेरा दिवस आली नाही. शाळेतल्या बाया आपसांत बोलायच्या की आता कौसाबाईला कुंकू पुसावं लागेल. त्यांच्या बोलण्यात दुःख होतं, पण थोडी सुटकाही होती. इतक्या वर्षांचा प्रश्न मिटणार होता.

ती परत आली ती महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, सरळ आमच्या घरी. घरात महालक्ष्म्या बसलेल्या, सोळा भाज्यांचा वास, ओसरीवर बायका. त्यांत आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी विमलकाकूही होत्या. मावशी दारात उभी राहिली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या कपाळावर गेल्या.

कुंकू होतं. रुपयाएवढं, मेणावर दाबून बसवलेलं. हातात हिरव्या बांगड्याही होत्या.

विमलकाकू वाईट बाई नव्हत्या. दर वर्षी स्वतःच्या खर्चानं शाळेतल्या गरीब मुलांना वह्या द्यायच्या. पण त्यांना राहवलं नाही. "कौसाबाई, इतके दिवस म्हणायचीस, नवरा जिता हाये म्हणून लावते. मग आता गं?"

"तवा तुमाला पटंल ते सांगत व्हते, काकू. आता खरं सांगून राह्यले."

"काय खरं?"

"हे कुंकू मला माझ्या मायनं लावलं. धावड्यात, पाळन्यात. लगीन लई मागून झालं. त्यानं आनलं न्हाई, मंग तो संगं घेऊन कसा जाईल?"

आई हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. ती पुढं झाली, मावशीला हळद लावली, आणि तिचं बोट कुंकवाच्या करंड्यावर थांबलं. थांबलेलंच राहिलं. मावशीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग कमरेच्या पिशवीतून स्वतःचा करंडा काढला, स्वतःच बोट टेकवलं आणि म्हणाली, "असू द्या वयनी. हात दुखंल तुमचा."

दुसऱ्या दिवशी टाकीपाशी तिनं मला टेंभुर्णीचं सांगितलं, तेही तुटक तुटक. दोघींना अंगणात शेजारी बसवलं होतं. दुसरीचं नाव साळू. "माझ्याहून लई बारकी हाये गं. तिच्या एका हाताच्या बांगड्या फोडल्या त्या बायांनी. मंग माझ्याकडं आल्या. म्या मुठी आवळल्या. मंग मनात आलं, मी मुठी आवळल्या, पर हिचा दुसरा हात? तर तिच्या म्होरं जाऊन बसले. म्हन्ले, आता हात लावून दाखवा." थोडं थांबून म्हणाली, "एका हाताच्या राह्यल्या तिच्या. माझ्याकून तेवढंच झालं."

सतरा सप्टेंबर आठ दिवसांवर होता. त्या वर्षी पाहुणे म्हणून मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेले एक आजोबा येणार होते. सोळा तारखेला विमलकाकू शाळेत आल्या आणि ऑफिसात मावशीला बोलावलं. मी हजेरीचे तक्ते द्यायला आत गेले होते. मला कोणी बाहेर जा म्हणालं नाही. मी असले तरी कोणाच्या लक्षात येत नसे.

"कौसाबाई, यंदा पूजेचं राहू दे," काकू मऊ आवाजात म्हणाल्या. "सवाष्णीच्या हातानं झालेलं बरं."

"पूजा तुमी करा. मी झेंडा बांधते."

"झेंडापण राहू दे या खेपेला. मोठे पाहुणे येताहेत. शुभ कामाला..."

"काकू, झेंड्याला नवरा हाये का?"

मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. काकूंचा चेहरा लाल झाला. "तोंड आवर. डबा आणून दे उद्या सकाळी."

"डबा आनते," मावशी म्हणाली. "झेंडा शाळेचा हाये, माझा न्हाई. पर कुनी सांगितलं ते तुमी मला सांगितलं न्हाई."

सकाळी तिनं झेंडा आणला. इस्त्री केलेला, घडीचा. सोबत कागदात पाकळ्या. काकूंच्या हातात दिला आणि टाकीपाशी जाऊन पाठ करून पेले विसळत बसली.

आम्ही नववीच्या मुली रांगोळी काढत होतो. मी चौथऱ्याला सगळ्यात जवळ होते. विमलकाकूंनी पूजा मनापासून केली. मग झेंड्याची घडी घातली, पाकळ्या भरल्या, दोरी गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे, तीन. घरी पाडव्याला गुढी बांधतात तशी गाठ मारली, ती सुटू नये म्हणून तीवर आणखी एक मारली, आणि दोन्ही हातांनी आवळली. निरगाठ.

मी पाहिलं. "काकू, ही नाही," एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी रांगोळीचा ठिपका दिला आणि गप्प राहिले. घाबरून राहिले असं आजवर मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला तो अडकायला हवा होता.

गुंडाळी वर चढली. आजोबा आले. पांढरी टोपी, हातात काठी. सर ओरडले, "अटेन्शन!" आजोबांनी काठी बाजूला दिली आणि थरथरत्या हातांनी दोरी ओढली. वर काही झालं नाही. पुन्हा ओढली. गुंडाळी नुसती हलली. पी.टी.च्या सरांनी दोरी घेतली आणि जोरानं हिसका दिला. गाठ आणखी आवळली. मागच्या रांगेत मुलं हसायला लागली. सर दुसरा हिसका द्यायला पाय रोवून उभे राहिले.

"सोडा! फाटंल तो!"

मावशी टाकीपासून पळत येत होती. ओले हात, वर खोचलेला पदर. सर म्हणाले, "कौसाबाई, काकूंना विचार आधी..."

"कुनाला इचारू? झेंडा तिथं लटकून राह्यला." तिनं दोरी त्यांच्या हातातून काढून घेतली, गुंडाळी खाली उतरवली, मांडीवर घेऊन चौथऱ्यावर बसली. निरगाठ बोटांनी सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी सैल केली. चारशे मुलं, सगळे शिक्षक, विमलकाकू आणि ते आजोबा पाहत होते. कोणी हसलं नाही. तिनं घडी पुन्हा घातली, सांडलेल्या पाकळ्या वेचून आत भरल्या, सुरगाठ मारली, गुंडाळी चढवली.

मग दोरी आजोबांपुढं धरली. आजोबांनी ती घेतली नाही. म्हणाले, "तूच ओढ, बाई."

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "तुमी जेलात गेल्ते. वढायचं तुमी. माझं काम गाठीपत्तोर."

आजोबांनी एका बोटानं ओढली असेल नसेल, झेंडा उघडला. राष्ट्रगीत झालं. ते संपल्यावर मावशी टाकीकडं गेली नाही. तिनं कमरेचा करंडा काढला, काकूंच्या पूजेवर, खांबाच्या पायाशी स्वतःचं कुंकू वाहिलं. मग तेच बोट कपाळाला लावलं, कारण घामानं पुसट झालं होतं. सगळ्यांकडं तोंड करून, आरशाशिवाय. सरळ.

विमलकाकूंनी मान खाली घातली. संध्याकाळी झेंडा उतरला तेव्हा डबा मावशीच्या काखेत होता. तो द्यावा लागला नाही, कोणी मागितलाही नाही.

मला वाटलं होतं, ती माझ्यावर खूश असेल. टाकीपाशी गेले तर तिनं पेला द्यायच्या आधीच विचारलं, "तू जवळ व्हतीस. गाठ बघितली व्हती?"

मी मान हलवली.

"मंग बोलली काऊन न्हाईस?"

मी बोटांची रांगोळी पुसत राहिले.

"माझ्यासाठी गप बसलीस?" तिचा आवाज चढला. तो तसा माझ्यावर कधी चढला नव्हता. "माझं भांडन मला भांडता येतं. त्याच्यात झेंडा कशाला अडकवला? बाबाचा हात थरथरून राह्यला व्हता, बघितला ना? त्या म्हाताऱ्यानं काय केल्तं तुझं?" मग पेला पुढं करत म्हणाली, "तोंड हाये ना मुके? कवातरी उघड. मोठ्यानं."

ते पाणी मी प्यायले.

मी पुढं औरंगाबादला शिकले, पुण्यात नोकरीला लागले. मावशी निवृत्त झाली. झेंड्याचा डबा शाळेला देऊन आली, पण आधी क्लार्कच्या बायकोला आणि दोन मुलींना सुरगाठ शिकवून आली, हे आईनं फोनवर सांगितलं. त्यानंतर काही वर्षांनी, दिवाळीच्या आसपास, वडील गेले.

पहिल्या संक्रांतीला मी जालन्यात होते. दर वर्षी दहाबारा बायकांनी भरणारी ओसरी रिकामी होती. शेजारी हळदीकुंकू होतं, बोलण्याहसण्याचे आवाज भिंतीपलीकडून येत होते. आईला बोलावणं नव्हतं. ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून गहू निवडत बसली होती. कपाळ मोकळं. मी तिच्याकडं पाहायचं टाळत होते.

दार वाजलं. मावशी होती. वाकली होती, केस पांढरे झाले होते, हातात काठी. कुंकू तेवढंच. ती सरळ आत गेली आणि आईसमोर खाली बसली. पदरातून तिळगुळाची पुडी काढली, एक नवी कंगव्याची जोडी काढली. मग करंडा उघडला.

"वयनी, कुंकू लावाय आले."

आई म्हणाली, "नको कौसाबाई. लोक काय म्हणतील?"

"मंग लोकानं नको म्हन्लं. तुमी काय म्हन्ता?"

आई गहू निवडत राहिली. मावशीनं थोडा वेळ वाट पाहिली, महालक्ष्म्यांच्या दिवशी पाहिली होती तशीच. मग करंडा मिटला, वाण आईच्या ओटीत टाकलं आणि काठी टेकत उठली. "नको तर नको. पर नको तुमी म्हना, वयनी. शेजारच्या घरानं म्हनू नये." जाताना माझ्याकडं पाहून म्हणाली, "अजून मुकीच का गं?"

ती अंगण ओलांडून गल्लीत उतरली. शेजारचं दार उघडं होतं, आत बायका होत्या. ती तिथं थांबली, आत पाहिलं, आणि पुढं चालू लागली.

आईनं सूप खाली ठेवलं. कंगव्याची जोडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. आख्खी होती. आई म्हणाली, "तिला हाक मार."

मी दारात आले. मावशी गल्लीच्या वळणापर्यंत पोचली होती. तिला आता कमी ऐकू यायचं. शेजारच्या ओसरीवरून सगळ्या माझ्याकडं पाहायला लागल्या. मी त्या गल्लीत कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"मावशी!" मी ओरडले. "कौसामावशी! आई म्हणते, लाव!"

शेजारचं हसणं थांबलं. मावशी वळली. काठी उचलून तिनं मला काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही. एवढ्या लांबून तिचा चेहराही नीट दिसत नव्हता. कुंकू दिसत होतं. ते माझ्या दिशेनं यायला लागलं.